कथलाच्या बगळ्यामागे नागपूरला

नागपूरला जाऊन आले म्हटलं की दुकानातली गिऱ्हाईकं दोनच गोष्टी विचारतात. संत्राबर्फी आणली का, आणि उन्हात नाही ना गेलात. बर्फी आणली होती, ती संपली. गेले ती ऐन हिवाळ्यात. पण ‘कशाला गेला होता’ असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. मी गेले होते एका शब्दामागे, आणि तो शब्द होता एका इंग्रजी रॉक बँडच्या रेकॉर्डवर. औषधांच्या काउंटरवर उभं राहून हे सांगता येत नाही. सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्यामागच्या झोपेच्या गोळ्यांच्या कप्प्याकडे. म्हणून लिहून काढते.

मी सांगलीची. वडिलांचं मेडिकल आता मी चालवते. वडील दिवसा गोळ्या विकायचे आणि नाटक असलं की ऑर्गनवर साथीला बसायचे. ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारायची पेटी. हात सूर काढतात आणि पाय त्यांना वारा पुरवतात. पाय थांबला की सूर मेला. हे ऐकत मी वाढले. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावानं एक कॅसेट दिली आणि म्हणाला, ‘यातलं कुणालाच काही आवडलेलं नाही, तू बघ.’ बँडचं नाव होतं ‘प्यूटर हेरन’. आपल्या भाषेत कथलाचा बगळा. असली नावं ठेवायची त्या काळी तिकडे पद्धतच होती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरण्यांच्या गावात चार पोरांनी हा बँड काढला. एकच रेकॉर्ड केली, ती खपली नाही, बँड मोडला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात या प्रकाराला. एकेक गाणं अख्खी बाजूभर चालतं, मधेच ताल बदलतो, मधेच सगळे गप्प होतात. नाट्यपदाला वन्समोअर घेत मध्यरात्र करणाऱ्या गावात वाढल्यामुळे मला ते लांब वाटलं नाही. गिटार जेमतेम होतं आणि गाणारा नाकात गायचा. सगळा भार ऑर्गनवर. हा ऑर्गन विजेचा, त्याला भाता नाही, बोट ठेवलं की सूर पाहिजे तितका वेळ उभा राहतो. पण हा माणूस तसा वाजवतच नव्हता. त्याचा डावा हात एक जोड सूर दाबायचा आणि सोडायचा, दाबायचा आणि सोडायचा. विजेच्या वाद्यालाही हा वारा घालत होता. मला हसू आलं होतं आणि लगेच ती कॅसेट माझी झाली.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एकच लांबलचक तुकडा आहे. त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत के-ए-एच-ओ-ओ-एन. शेवटी ऑर्गन एकदम थांबतो. मग शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी हळू आवाजात एक शब्द विचारतं, तोच हा शब्द. पुढे इंटरनेट आलं, रेकॉर्ड पुन्हा छापली गेली, आणि जगभरचे आमच्यासारखे रिकामटेकडे त्या शब्दावर भांडायला लागले. कुणी म्हणे हे तिबेटातल्या साधूचं नाव. कुणी म्हणे शनीचा एखादा चंद्र. मी मराठी बाई, तरी मलाही कळलं नव्हतं, कारण सांगलीत तो शब्द नाही.

मग आमच्या समोरच्या दवाखान्यात वर्ध्याकडची एक नर्स लागली. ती औषधं न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, ही गोळी जेवणाआधी द्यायची. तिनं मान वर करून विचारलं, “काहून?”

हू लांबवलेला, शेवट जरा वर उचललेला. गोळ्यांची पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. मी तिला आत बोलावून मोबाइलवर तो शेवट ऐकवला. ती म्हणाली, “हो ना, काहून म्हणून राहिला तो. म्हणजे का म्हणून.” मग मी तिला पुन्हा छापलेल्या, मी मागवून घेतलेल्या रेकॉर्डचं कव्हर दाखवलं. त्यावर ऑर्गनवाल्याचं नाव ‘व्हिक डॉबल’ असं छापलंय. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, “ढोबळे असंन. आमच्या तिकडे बम ढोबळे आहेत. रामटेककडे तं विचारूच नका.”

पंधरवड्यात मी तिकीट काढलं. गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मनीषनगर

माझी भाची गौरी नागपुरात दिलेली आहे. मनीषनगरात त्यांचा फ्लॅट. जावई पंकज अस्सल नागपूरकर, बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर. त्याला मी आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आत्या, हे सारं तब्येत बरी असताना होऊन राहिलं ना?” मला तो तेव्हाच आवडला.

पहिल्या सकाळी त्यानं मला पोहे खायला नेलं. आमच्याकडे पोहे घरचे, कोरडे, वर खोबरं. इथं पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि माणसं उभ्यानं, नाक पुसत खातात. गाडीवाल्यानं प्लेट भरली आणि विचारलं, “सांबार टाकू जी?”

मी म्हटलं, “नको बाबा. पोह्यांवर सांबार कुठं घालतात का?”

तो थबकला. “काहून? सांबार नाही चालत?”

मी पंकजकडे बघितलं. तो हसू दाबत होता. “आत्या, सांबार म्हणजे कोथिंबीर.”

म्हणजे त्या शब्दाशी माझी त्याच्या गावात पहिली भेट झाली ती कोथिंबिरीवरून. ती घालून घेतली. तर्रीनं कान गरम झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेजारचा अनोळखी माणूस आपणहून म्हणाला, “थोडी थोडी घ्या, ताई. पहिल्यांदा आले का?” आमच्याकडे असं अनोळखी माणसाला कुणी शिकवायला जात नाही, आम्ही मनातल्या मनात हसतो आणि घरी जाऊन सांगतो. इथं तोंडावर सांगतात आणि तुमच्याबरोबर उभे राहतात. दोन्हीतलं बरं कुठलं, ते मी ठरवलेलं नाही.

मग हा शब्द सगळीकडे ऐकू यायला लागला. रिक्षावाला विचारी, शेजारीण विचारी, गौरी नळाखाली भांडी टाकत मुलाला विचारी. माझी भाची, सांगलीत वाढलेली, आता ‘काहून रडून राहिला’ म्हणते. मी तिला तसं म्हटलं तर ती चिडली. “मी कुठं म्हणते?” आणि पाचच मिनिटांत पुन्हा म्हणाली.

दिवसभर पंकज साइटवरून फोन लावत होता. संध्याकाळी खुशीत घरी आला. “सापडले. रामटेकले माझ्या ओळखीचा सिमेंटवाला आहे. त्याले म्हटलं, ऑर्गनवाले ढोबळे पाहिजेत. तो म्हणे, त्यायले कोण नाही ओळखत? उद्या जाऊ.”

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. जरा हिरमोड झाल्यासारखंही झालं, खरं सांगते. इतकी वर्षं जगाला न सापडलेला माणूस एका सिमेंटवाल्याला माहीत असावा, हे मला पचेना.

रामटेक

नागपूर सुटलं की जमीन सपाट पडते आणि बराच वेळ तशीच राहते. डोंगर बघत जगणाऱ्या माणसाला तिथं टेकायला काही मिळत नाही. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या भाताच्या खाचरांत, नुसते खुंट उरलेले, कडेला तणसाचे ढीग. मग अचानक एक टेकडी येते, तिच्यावर पांढरी देवळं. पंकज म्हणाला आधी रामाचं दर्शन घेऊ, कामं मागाहून होतात.

वर माकडं फार. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, अगदी घरच्यासारखी बसलेली. मी फुटाण्यांची पुडी घेतली होती. एका माकडानं येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली. ओढली नाही, हिसकावली नाही, फक्त काढून घेतली. पंकज म्हणाला, “इथी असंच असते. आपण प्रसाद घेतो, ते टॅक्स घेतात.” माझ्या पिशवीत रेकॉर्डचं कव्हर होतं, ते मी पोटाशी धरून खाली उतरले.

नामदेवराव ढोबळे खाली गावात राहतात. निवृत्त मास्तर, सत्तरीपुढचे, ताठ. अंगणात खाटेवर बसवून त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला, आणि आम्ही बोलायच्या आत म्हणाले, “ऑर्गनसाठी आले ना? फार चांगलं केलं. लोकं येतच नाहीत.”

मी विचारलं, “किती वर्षं झाली ऑर्गनला?”

“रिटायर झालो तेव्हापासून.”

ते मला जरा उशिराचं वाटलं. “त्याआधी कुणाकडं शिकला होता?”

“शिकाचं काय त्याच्यात? मन मोठं पाहिजे फक्त.”

“तुमच्याकडं आहे अजून? बघायला मिळेल?”

नामदेवरावांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. “आहेत ना, सारे अंदरच आहेत. पण आता माझे नाहीत. डोळे, किडन्या, लिव्हर, सारं लिहून देऊन टाकलं.”

पंकजला चहाचा ठसका लागला. नामदेवराव अवयवदानाचा प्रचार करत होते. गावोगाव हिंडून भाषणं द्यायचे, म्हणून तालुक्यात त्यांना सगळे ऑर्गनवाले ढोबळे म्हणत. मग मी हवेत दोन्ही हातांनी पेटी वाजवून दाखवली, डाव्या हातानं भाता आणि उजव्यानं सूर.

“बाजा?” नामदेवराव म्हणाले. “मंग असं म्हणा ना बाजा. ऑर्गन ऑर्गन काय लावलं.”

मी व्हिक डॉबल म्हणाले. ते त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, “विलायतेला गेलेला कुणी ढोबळे? बाजा वाजवणारा?”

त्यांनी कप खाली ठेवला. “विठ्ठल,” ते म्हणाले. “माझा चुलतभाऊ होय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. विठ्ठल त्यांच्याच घरचा, धानाची शेती असलेल्या घरातला. भजनी मंडळात लहानपणापासून बाजा वाजवायचा. हुशार निघाला, म्हणून बापानं हिंमत करून त्याला कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला विलायतेला पाठवलं. तीन-चार वर्षांनी बापाला लकवा झाला, तार गेली, तो परत आला. पुढे नागपुरातल्या गिरणीत लागला आणि तिथूनच निवृत्त झाला.

“आल्यावर आम्ही पहिल्याच एकादशीले त्याच्यापुढे बाजा ठेवला,” नामदेवराव म्हणाले. “तो उठून गेला. मंग तं भजनात कोणी बाजा काढला का हा उठून जाये. कोणाले कारण सांगतलं नाही. आता बेस्याले राहते. जाऊन पहा. पण बाज्याचं नाव काढू नका, ताई. तिथूनही उठून जाईन.”

निघताना त्यांनी आमच्या हातात अवयवदानाची पत्रकं दिली. माझी फजिती झालीच होती आणि माणूस प्रामाणिक होता, त्यामुळे नाही म्हणवेना. रामटेकहून येताना मी माझे डोळे कबूल करून आले. पंकजनं विचार करतो म्हणून सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी कव्हर काढून बघत बसले. वर्षानुवर्षं मी त्या माणसाची कल्पना केली होती, लांब केसांचा, मखमली कोटातला. तो माणूस आयुष्यभर भजनातून उठून जात होता, आणि जगात कुठंतरी माणसं त्याच्या डाव्या हातावर निबंध लिहीत होती. त्याला त्यातलं काही माहीत असेल का, याची मला आता धास्ती वाटायला लागली. शब्दाचं कुतूहल मागे पडलं.

बेसा

बेसा म्हणजे नागपूरचं दक्षिणेकडचं टोक. इमारती उठतायत, मधल्या रिकाम्या प्लॉटांत अजून म्हशी. विठ्ठलरावांचं घर बैठं, पुढे लिंबाचं झाड. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. सुमनताई, ठेंगण्या, हसऱ्या, हाताला बेसनाचं पीठ.

“या ना जी, बसा. मी गोळे करून राहिले होते.” गोळाभात इकडचा आवडता. हरभऱ्याच्या जाड्या पिठाचे गोळे भातात शिजवतात आणि वरून कडकडीत हिंगाची फोडणी. तो गरम खायचा असतो, निवला की गोळा घशात बसतो. हे सगळं त्यांनी आम्ही चपला काढेपर्यंत सांगितलं. मग मागच्या अंगणाकडे तोंड करून हाक मारली, “अहो, ऐकलं का?”

मागून आवाज आला. “काहून?”

मी पंकजचं मनगट धरलं. आवाज म्हातारा होता, खरखरीत. पण सूर तोच. हू लांबवलेला, शेवट उचललेला.

“काही नाही, बाहेर या. पाहुणे आले,” सुमनताई म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून, “यायले काहीही म्हणा, पहिले काहून. लग्नात भटजी म्हणे, हात पुढे करा. तं हे म्हणे, काहून. सारा मांडव हसला.”

विठ्ठलराव आले. उंच, वाकलेले, स्वच्छ पांढरा सदरा, कानात ऐकायचं मशीन. मी सांगलीची म्हटल्यावर त्यांनी हळदीचा भाव विचारला. मी तो सांगितला. पंकजनं बेस्यातल्या जागांचे भाव काढले. चहा झाला. नामदेवरावांची ताकीद मला आठवत होती, पण मी एवढ्या लांबून हळदीवर बोलायला आले नव्हते. पिशवीतून कव्हर काढलं आणि त्यांच्यापुढे टिपॉयवर ठेवलं.

त्यांनी ते बघितलं. दोन्ही हात मांडीवरच होते. मग सावकाश कानातलं मशीन काढलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि लिंबाच्या झाडाकडे बघत बसले.

सुमनताई म्हणाल्या, “झालं. मशीन खिशात गेलं म्हणजे दुकान बंद. काय आणलं वं तुम्ही?”

मी त्यांना सांगितलं. तुमचे यजमान इंग्लंडात एका बँडमध्ये ऑर्गन, म्हणजे बाजा वाजवत होते, त्याची रेकॉर्ड आहे, मी ती पोरवयापासून ऐकते, आणि माझ्यासारखे ऐकणारे बरेच आहेत. त्या आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“हे? बाजा? ताई, तुम्ही चुकीच्या घरी आल्या. इतक्या वर्षांत यायनं मले शिटीही वाजवून नाही दाखवली.” मग त्यांनी विठ्ठलरावांच्या खिशात हात घातला, मशीन काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. मोठ्यानं म्हणाल्या, “ह्या काय म्हणून राहिल्या? खरं आहे का?”

शेवटी त्यांनी ते कानात घातलं.

“होतो मी त्यायच्यात,” ते म्हणाले. “पण ह्याच्यात मी नाही.”

मी कव्हरवरचं नाव दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, व्हिक डॉबल, आणि किंचित हसले. “नाव ठेवलं म्हणजे. चांगले पोट्टे होते. पण वाजवलं दुसऱ्यानं आहे. माझं सारं पुसलं त्यायनं.”

आणि मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, आमच्याकडे न बघता. कॉलेजच्या हॉलमध्ये एक जुना ऑर्गन होता. ते एकटे बसून त्यावर भजनं वाजवत. ती तीन पोरं ऐकायला आली आणि त्यांना घेऊन गेली. “मले त्यायची गाणी समजत नव्हती. डाव्या हाताले काय काम द्याव, थेही समजत नव्हतं. गावच्या बाज्याले तं त्या हातानं भाता माराव लागते ना. तिथी भाताच नाही. हात उपाशी राहे.” मग रेकॉर्ड करायचं ठरलं. कंपनीचा माणूस काचेमागे बसायचा आणि कानातल्या यंत्रातून बोलायचा. “शेवटच्या दिवशी ते लांबलचक गाणं वाजवलं. इतकं चांगलं माझ्या हातानं कधीच नव्हतं झालं. संपलं, आणि तो कानात म्हणे, हे पुसून टाकतो, उद्या चांगला माणूस आणतो. मी विचारलं त्याले. त्यानं सांगतलंच नाही. बटन बंद केलं.”

“मग?” पंकज म्हणाला.

“मंग काय. त्याच हप्त्यात तार आली. बाप पडला. निंघून आलो.” त्यांनी चष्मा काढला. “बाप वाचला. आणखी बम जगला.”

सुमनताई पदरानं हात पुसत उभ्या होत्या. पीठ केव्हाच वाळलं होतं. “अन् मले सांगतलं नाही,” त्या म्हणाल्या.

“काय सांगाचं होतं? बाजा वाजवत होतो, नापास झालो, असं?”

मला वाईट वाटलं, आणि त्या काचेमागच्या माणसाचा रागही आला. पण राग करून उपयोग नव्हता. तो नसेलही आता. माझा दुकानदारी अंदाज असा, की दुसऱ्या माणसाला द्यायला त्यांच्याकडे पैसेच उरले नसतील, म्हणून होतं तेच छापलं. मी तसं म्हटलं. विठ्ठलरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही. इतक्या वर्षांची समजूत माझ्यासारख्या परक्या बाईच्या अंदाजानं कशी हलावी?

मी म्हटलं, “एकदा ऐकता का?”

“वाजवा,” ते म्हणाले. “माझं काय जाते.” मग कव्हर उलटं करून त्यांनी दुसऱ्या बाजूचं नाव वाचलं. “कहूऽन. हे काय होय? त्यायची काही तरी गोष्ट असंन, राजाबिजाची.”

इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर त्यांचाच शब्द त्यांना ओळखता आला नाही. मला सांगता आलं असतं. पंकज माझ्याकडे बघत होता. मी मानेनंच नको म्हटलं आणि त्यानं आणलेला छोटा स्पीकर टिपॉयवर ठेवून मोबाइलवर दुसरी बाजू लावली.

ऑर्गन सुरू झाला. त्या लहान खोलीत तो फार मोठा वाटला. सुमनताई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, “लांब दिसते हे. माझे गोळे चुलीवर आहेत. येतो मी.” आमच्याकडच्या बायकांसारख्या इकडच्या बायकाही ‘येतो’ म्हणतात. त्या आत गेल्या. भांड्यांचे आवाज यायला लागले, मग हिंगाचा वास.

विठ्ठलराव डोळे मिटून बसले होते. ताल पहिल्यांदा बदलला तेव्हा त्यांची मान बरोबर हलली. मधल्या ठिकाणी, जिथं सगळे थांबतात आणि ऑर्गन एकटाच वर चढत जातो, तिथं ते म्हणाले, “हा माणूस चांगला वाजवते.”

मी आवाज जरा वाढवला.

“माझ्यापेक्षा चांगला आहे,” ते म्हणाले. बोलण्यात खेद नव्हता. दुसऱ्याच्या शेतातल्या धानाबद्दल बोलावं, तसं बोलले. खुर्चीच्या हातावर त्यांचा डावा हात होता. तो उघडत होता आणि मिटत होता, उघडत होता आणि मिटत होता, सुराच्या बरोबर. मी पंकजला खुणेनं दाखवलं. विठ्ठलरावांचं त्याकडे लक्ष नव्हतं.

गाणं शेवटाकडे आलं. मला ते पाठ आहे. ऑर्गन एक सूर धरून ठेवतो, तो सोडतच नाही, आणि मग एकदम थांबतो. खोलीत शांतता झाली. आतली फोडणीही थांबली होती. विठ्ठलरावांनी डोळे उघडले आणि काहीतरी बोलायला माझ्याकडे वळले, पण त्यांचं तोंड अजून मिटलेलं होतं, तेवढ्यात स्पीकरमधून तो हळू आवाज आला.

“काहून?”

आतून, पळी खाली ठेवत, सुमनताईंनी रोजच्या आवाजात उत्तर दिलं.

“काही नाही जी, जेवाले या. गोळे थंडे होऊन राहिले.”

मोबाइलवरचं गाणं संपलं होतं. विठ्ठलराव त्या छोट्या स्पीकरकडे बघत होते. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग पुन्हा स्पीकरकडे. त्यांचा डावा हात खुर्चीवर उघडाच राहिला होता.

“आलो वं,” ते म्हणाले, आणि उठले.